जावई परदेशात बास्केटबॉल खेळतो, म्हणजे नेमकं काय करतो?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि मग लिहायला बसले. आधी तो माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही ठाण्याचे. मुलगी २८ वर्षांची, शिकागोत सॉफ्टवेअर कंपनीत एच-१बी व्हिसावर. तिला ज्याच्याशी लग्न करायचं आहे तो मुलगा अमेरिकन, २९ वर्षांचा, उंची ६ फूट ४ इंच, व्यवसाय बास्केटबॉल. पण खेळतो तो अमेरिकेबाहेर. कॉलेज संपल्यापासून सहा हंगाम आणि पाच देश: स्लोव्हाकिया, ऑस्ट्रिया, पोलंड, मग जर्मनीत एकाच क्लबकडे दोन वर्षं, आणि शेवटी तुर्कस्तान. आता फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीतल्या एका क्लबने बोलावलं आहे. तुम्ही विचारता, एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, घेतलं नाही म्हणजे मुलगा कमी पडला का? दरवर्षी देश बदलतो म्हणजे त्याला कुणी ठेवून घेत नाही का? चाळिशीत काय करणार? आणि मुलीने नोकरी सोडून त्याच्यामागे फिरावं का?

मी वकील आहे. न्यू जर्सीत राहते. गेली सतरा वर्षं खेळाडूंचे परदेशी क्लबांशी होणारे करार वाचायचे, दुरुस्त करायचे आणि पैसे थकले की वसुलीसाठी भांडायचं, हे माझं काम. म्हणून हे उत्तर मैदानापेक्षा कागदाच्या बाजूने आहे. पण तुमची काळजीही मला तीच दिसते. महिन्याच्या महिन्याला पैसे येतील का, ते किती वर्षं येतील, आणि तेवढ्या वर्षांत माझ्या मुलीचं स्वतःचं काय होईल? मुलाची शिल्लक किती आहे, गुडघे-घोटे कसे आहेत आणि फ्रान्सचा करार शब्दशः काय म्हणतो, या तीन गोष्टी तुमच्या प्रश्नात नाहीत. माझं बरंचसं उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे. जिथे अवलंबून असेल तिथे तसं सांगेन.

एनबीएचं आधी संपवू. एनबीएत ३० संघ आहेत आणि प्रत्येकाकडे १५ पूर्ण करार, म्हणजे ४५० जागा. शिवाय प्रत्येक संघाला तीन खेळाडू असे ठेवता येतात जे अर्धा वेळ खालच्या जी लीगमध्ये खेळतात. दरवर्षी नव्या मुलांसाठी जो ड्राफ्ट होतो त्यात जास्तीत जास्त ६० नावं घेतली जातात आणि त्यातलीही बरीच युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलियाची असतात. उलट वरच्या पातळीवर बास्केटबॉल खेळणारी कॉलेजं अमेरिकेत साडेतीनशेच्या वर आहेत. प्रत्येकाचा डझनभर खेळाडूंचा संघ धरा आणि हिशेब करा. त्या गर्दीतून जगभर कुठेही सहा वर्षं पगार घेऊन खेळणारा मुलगा कमी पडलेला नाही. तो फार थोड्यांपैकी एक आहे. जी लीगमध्ये राहिला असता तर घर अमेरिकेत असतं, पण वर्षाला पगार चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलरच्या आसपास. बहुतेक जण दोन वर्षं तिथे थांबून पाहतात. याने पहिल्याच वर्षी स्लोव्हाकिया गाठलं, यावरून मला तो व्यवहारी वाटतो.

तुम्ही क्रिकेट पाहत मोठे झाला असाल तर हे चित्र तुम्हाला परकं नाही. १९५२ मध्ये विनू मंकड लँकेशायरमधल्या हॅसलिंग्डन क्लबचे व्यावसायिक खेळाडू होते आणि लॉर्ड्स कसोटीसाठी त्यांना क्लबकडून सोडवून घ्यावं लागलं होतं. त्या लीगमध्ये गावातले लोक नोकरीधंदा सांभाळून खेळायचे आणि एक बाहेरचा, पगारी खेळाडू आणलेला असायचा. धावा त्याने करायच्या, बळी त्याने घ्यायचे. युरोपातल्या बास्केटबॉल संघातला अमेरिकन खेळाडू साधारण हीच भूमिका बजावतो. आता फक्त एकाऐवजी चार-सहा जण असतात आणि स्थानिक खेळाडूही पूर्णवेळ व्यावसायिक असतात.

आता ती देशांची यादी. तुम्हाला ती अस्थिर वाटते. मी ती बायोडेटासारखी वाचते आणि मला त्यात चढण दिसते. स्लोव्हाकिया आणि ऑस्ट्रिया या लहान लीग. तिथे कॉलेजातून निघालेली मुलं पहिली नोकरी करतात, आणि महिन्याला दीड-दोन हजार डॉलर, राहायला घर, दिवसाला एक जेवण असेही करार मी पाहिलेत. पोलंड त्याच्या वर. जर्मनी आणखी वर आणि तिथले पगार वेळेवर होतात असा माझा अनुभव आहे. तुर्कस्तानची पहिली श्रेणी खेळाच्या दृष्टीने युरोपात फार वरची. माझं बोट मात्र जर्मनीच्या दोन हंगामांवर थांबतं. एका वर्षाचा करार संपल्यावर त्याच क्लबने परत बोलावलं, म्हणजे प्रशिक्षकाला तो हवा होता आणि ड्रेसिंग रूममध्ये त्याने त्रास दिला नव्हता. आमच्या धंद्यात याला मोठी किंमत आहे.

या क्षेत्रातला करार बहुधा एकाच हंगामाचा असतो. ऑगस्टमध्ये सराव सुरू होतो, मे-जूनमध्ये हंगाम संपतो आणि दहा महिन्यांत करारही संपतो. क्लबला पुढच्या वर्षीच्या पैशांची खात्री नसते आणि चांगला खेळलेल्या खेळाडूला वरच्या लीगमध्ये जायचं असतं, म्हणून दोघांनाही हेच सोयीचं पडतं. काइल हाइन्सचं उदाहरण देते. ६ फूट ६ इंच उंची आणि जागा सेंटरची, जिथे सात फुटी माणसं खेळतात. २००८ मध्ये ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कुणी घेतलं नाही. तो इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत वेरोली नावाच्या छोट्या गावी गेला. तिथून जर्मनीतलं बामबर्ग, मग ग्रीसचा ऑलिंपियाकोस, मग मॉस्कोचा सीएसकेए, शेवटी मिलान. युरोलीग ही युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा तो २०१२, २०१३, २०१६ आणि २०१९ अशी चार वेळा जिंकला आणि २०२४ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी निवृत्त झाला. एनबीएत एकही सामना नाही. त्याच्या पहिल्या तीन-चार वर्षांची यादी एखाद्या सासऱ्याच्या हातात दिली असती तर त्यालाही ती अस्थिरच वाटली असती. सगळे हाइन्स होत नाहीत, हे खरं आहे. पण यादी वाचताना देश किती झाले यापेक्षा पुढचा देश आधीच्यापेक्षा वरचा आहे का, हे पाहायचं.

आता धोक्याची बाजू. ती मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण मुलगी ती तुम्हाला सांगणार नाही आणि कदाचित तिलाही माहीत नसेल.

परदेशी खेळाडूंची संख्या बहुतेक देशांत ठरलेली असते. जर्मनीत १२ जणांच्या संघात निम्मे जर्मन असावे लागतात. जपानमध्ये २०२४-२५ च्या हंगामात एका वेळी मैदानावर दोनच परदेशी उतरवता येत होते, वर देशाचं नागरिकत्व घेतलेला किंवा आशियाई कोट्यातला एखादा. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोसमन निकालानंतर युरोपीय संघातल्या देशांचे नागरिक या मर्यादेतून बरेच सुटले. तेव्हापासून ज्याची आजी इटलीची किंवा आजोबा आयर्लंडचे, त्याचा भाव वाढला. तोच खेळाडू, तोच खेळ, पण पासपोर्ट बदलला की क्लबची एक परदेशी जागा मोकळी राहते. तुमच्या होणाऱ्या जावयाच्या घराण्यात युरोपातून आलेलं कुणी असेल तर जन्मदाखले शोधायला सांगा. मी हे अगदी मनापासून सांगते आहे. नागरिकत्वाचा दुसरा मार्ग म्हणजे देशालाच खेळाडू हवा असणं. २०२२ मध्ये लॉरेन्झो ब्राउनला स्पेनने नागरिकत्व दिलं आणि त्याच उन्हाळ्यात स्पेन त्याच्यासह युरोपचं विजेतं झालं. फिलिपिन्सने जस्टिन ब्राउनलीला घेतलं आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. पण राष्ट्रीय संघात असा एकच खेळाडू चालतो, म्हणून हा रस्ता अरुंद आहे.

या मर्यादेचा उलटा परिणामही होतो. संघ सलग चार-पाच सामने हरला की क्लबचा अध्यक्ष बदल मागतो. स्थानिक खेळाडू बदलता येत नाही, कारण तसे दुसरे मिळत नाहीत. प्रशिक्षक काढायचा तर त्याचे उरलेले पैसे द्यावे लागतात. मग परदेशी खेळाडूवर नजर जाते. डिसेंबर-जानेवारी हा आमच्या कार्यालयातला सगळ्यात कठीण काळ असतो तो यामुळे. म्हणूनच करारात पगार हमीचा आहे की नाही, म्हणजे क्लबने मध्येच काढलं किंवा खेळताना दुखापत झाली तरी हंगामाचा सगळा पगार मिळणार की नाही, हे पहिलं पाहायचं. पगाराचा आकडा त्यानंतर.

एक प्रसंग सांगते. देश, क्लब, खेळाडू कुणाचंच नाव सांगत नाही. जानेवारीत क्लब हरत सुटला. पगार दर महिन्याच्या १५ तारखेला, पण फेब्रुवारीचा आला नाही. व्यवस्थापक रोज सांगायचा, पुढच्या आठवड्यात. एका सकाळी घरमालक दारात उभा. घर क्लबने दिलेलं होतं आणि भाडं दोन महिने भरलेलं नव्हतं. घरात खेळाडू, त्याची बायको आणि आठ महिन्यांची मुलगी. त्याने मला फोन केला तेव्हा माझ्याकडे पहाटेचे तीन वाजले होते. त्याला तिथल्या तिथे बॅगा भरून निघायचं होतं. मी त्याला करार काढायला लावला आणि आम्ही दोघांनी कलम मोठ्याने वाचलं. दहा दिवस उशीर झाला तर लेखी सूचना द्यायची, वीस दिवस झाले तर सराव आणि सामना न खेळण्याची मुभा, तीस दिवस झाले तर करार मोडायचा आणि उरलेला सगळा पगार मागायचा. त्या दिवशी बारावा दिवस होता. मी त्याला म्हणाले, आणखी आठ दिवस प्रत्येक सरावाला वेळेच्या पंधरा मिनिटं आधी जायचं, पोहोचलास की व्यवस्थापकाला संदेश पाठवायचा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवायचा. कारण वाद उभा राहिला की क्लबचा पहिला बचाव ठरलेला असतो: खेळाडूनेच शिस्त मोडली. तो गेला. रोज गेला. विसावा दिवस उलटला तेव्हा तो थांबला, तिसावा उलटल्यावर करार मोडला आणि तिकिटं स्वतःच्या पैशाने काढून घरी आला.

मग आम्ही बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरणाकडे गेलो. त्याचं कायदेशीर ठिकाण जिनिव्हा. आम्ही त्याला नुसतं बॅट म्हणतो. फिबा या जागतिक संघटनेने २००७ मध्ये ते सुरू केलं. कामकाज इंग्रजीत, बहुतेक लेखी, एकच लवाद असतो आणि तो कुठल्या एका देशाच्या कायद्यापेक्षा न्याय्य काय ते पाहून निर्णय देतो. दावा करताना फी आणि खर्चाचा वाटा आधी भरावा लागतो, हे त्याला जड गेलं. निर्णय यायला आठ-नऊ महिने लागले. निर्णयानंतरही क्लब गप्प होता. फिबाने नवे परदेशी खेळाडू नोंदवायला बंदी घातली तेव्हा कुठे पैसे हलले, आणि मग व्याजासह सगळे आले. या प्रकरणात मला सगळ्यात उपयोगी पडली ती त्याच्या बायकोने जपलेली एक पाकिटभर बिलं: विजेचं, डॉक्टरचं, विमानाचं. प्रत्येकावर मागे तारीख आणि कारण लिहिलेलं. तुमची मुलगी कशी आहे मला माहीत नाही, पण या संसारात असं पाकीट ठेवणारं एक माणूस लागतं.

हे सगळं शक्य झालं कारण करारात बॅटचं कलम होतं. ते नसतं तर त्या देशाच्या न्यायालयात, त्या देशाच्या भाषेत जावं लागलं असतं. फ्रान्सच्या करारात काय आहे ते मुलाला नक्की विचारा. तो चिडणार नाही. सहा वर्षं खेळलेल्या खेळाडूला हे प्रश्न पाठ असतात.

फ्रान्सबद्दल मात्र मी निर्धास्त आहे म्हटलं तरी चालेल. तिथे लीगची स्वतःची आर्थिक नियंत्रण यंत्रणा क्लबांचे हिशेब तपासते आणि हिशेब बसत नसेल तर कारवाई करते. खेळाडू रीतसर कर्मचारी असतो, त्याला पगाराची पावती मिळते, सामाजिक सुरक्षेची कपात होते. त्यामुळे कागदावरचा आकडा तुर्कस्तानपेक्षा कमी दिसू शकतो. माझ्याकडे येणारे खेळाडू हा आकडा पाहून नाराज होतात तेव्हा मी त्यांना विचारते, गेल्या वर्षीच्या करारातले प्रत्यक्ष खात्यात किती आले आणि कधी आले? बऱ्याच वेळा उत्तर द्यायला ते थोडा वेळ घेतात.

पैशाबद्दल आणखी दोन गोष्टी, ज्या तुमच्या मुलीने लग्नाआधी समजून घ्याव्यात. परदेशी करारात पगार बहुधा निव्वळ लिहितात, म्हणजे तिथला कर क्लबने भरायचा. खेळाडूला वाटतं कर संपला. पण अमेरिका आपल्या नागरिकाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते. परदेशात कमावलेल्या रकमेवर सूट आहे, २०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंत. पण तिच्या सर्वात सोप्या कसोटीसाठी सलग बारा महिन्यांत ३३० दिवस परदेशात राहावं लागतं. हंगाम दहा महिन्यांचा आणि उन्हाळ्यात खेळाडू आईवडिलांकडे दोन महिने राहतो. दिवस कमी पडतात. परदेशात पक्का रहिवास असल्याचं दाखवून सूट मिळवता येते, पण फिरत्या खेळाडूला ते सिद्ध करणं सोपं नसतं. मग तिथे भरलेल्या कराची वजावट मागावी लागते आणि त्यासाठी कर भरल्याचा दाखला हवा. तो क्लबकडून हंगाम संपायच्या आत हातात घ्यायचा. जूननंतर ईमेलला उत्तर येईलच असं नाही. दुसरी गोष्ट म्हातारपणाची. एनबीएच्या खेळाडूंना पेन्शन योजना असते, बाहेर खेळणाऱ्याला तसं काही नाही. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीसाठी साधारण दहा वर्षांची नोंद लागते आणि परदेशी क्लबची नोकरी त्यात येत नाही. पण स्लोव्हाकिया, ऑस्ट्रिया, पोलंड, जर्मनी, फ्रान्स या सगळ्यांशी अमेरिकेचा करार आहे, त्यामुळे तिथे कपात झाली असेल तर ती वर्षं जोडून धरता येतात. तुर्कस्तानशी नाही. त्याने जुन्या पावत्या ठेवल्या असतील तर बरं. नसतील तर आजच मागवायला सुरुवात करावी.

वयाबद्दल. मी पाहिलेले गार्ड, म्हणजे त्याच्यासारखे चेंडू हाताळणारे, तुलनेने कमी उंचीचे खेळाडू, ३४-३५ पर्यंत चांगल्या लीगमध्ये टिकतात, मग एक-दोन वर्षं खालच्या लीगमध्ये. म्हणजे याच्यापुढे पाच-सहा चांगले हंगाम असावेत. हे शरीरावर अवलंबून आहे आणि खेळाच्या प्रकारावरही. युरोपात सामना ४० मिनिटांचा, एनबीएत ४८. इथे बचाव करणारा उंच खेळाडू टोपलीखाली हवा तितका वेळ उभा राहू शकतो, कारण एनबीएतला तीन सेकंदांचा बचावाचा नियम इथे नाही. त्यामुळे नुसत्या उडीवर आणि वेगावर आत घुसणारा अमेरिकन दुसऱ्या वर्षीच अडकतो. जो पास द्यायला आणि बचाव करायला शिकतो तो टिकतो. तुर्कस्तानात खेळून फ्रान्सचं बोलावणं आलेल्या गार्डने हे शिकलेलं असणार. एनबीएत परत जाण्याची आशा मात्र संसाराच्या हिशेबात धरू नका. पी. जे. टकर २००६ च्या ड्राफ्टनंतर लवकरच बाहेर पडला, इस्रायलपासून जर्मनीपर्यंत पाच वर्षं फिरला, २०१२ मध्ये फिनिक्सला परतला आणि २०२१ मध्ये मिलवॉकीबरोबर विजेताही झाला. अँथनी पार्कर मकाबी तेल अवीवबरोबर युरोपचा विजेता होऊन २००६ मध्ये, तिशी ओलांडल्यावर, टोरांटोला गेला. ही नावं सगळ्यांना पाठ आहेत, कारण ती थोडी आहेत.

आता मुलगी. इथे मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण ज्यांच्या मनात नोकरी सोडायचं असतं अशा मुलींना नंतर भेटणारी माणसं आम्हीच.

ती भारतीय पासपोर्टवर आहे, हा मुद्दा अमेरिकन एजंटच्या डोक्यातच येत नाही. मुलगा बॅग उचलून पॅरिसला उतरू शकतो. तिला आठवडाभर भेटायला जायचं तरी शेंगेन व्हिसा हवा, आणि त्यावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. संपूर्ण हंगाम राहायचं तर जोडीदाराचा दीर्घ मुदतीचा व्हिसा, आणि त्याची कागदपत्रं क्लबने द्यावीत असं करारातच लिहून घ्यायचं. तोंडी आश्वासन नको. मी दोन ओळी घालते: जोडीदाराच्या व्हिसाचं काम आणि खर्च क्लबचा, आणि हंगामात तिचं एक येण्याजाण्याचं तिकीट क्लबचं. बहुतेक क्लब हे मान्य करतात, फक्त कुणीतरी मागावं लागतं.

अमेरिकेच्या बाजूने पाहिलं तर नोकरी सोडली की एच-१बीवर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. अमेरिकन नागरिकाशी लग्न झाल्यावर ग्रीन कार्डासाठी भारतीयांची ती वर्षानुवर्षांची रांग लागत नाही, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल आणि ते बरोबर आहे. पण अर्ज चालू असताना ती कुठे राहते, देशाबाहेर कधी आणि कशी जाते, याला फार महत्त्व आहे. एच-१बी चालू असेल तर त्या काळात प्रवास सोपा जातो. तो सोडून दिलेला असेल तर आधी प्रवासाची परवानगी घेतल्याशिवाय बाहेर पडलं की अर्जच निकाली निघू शकतो. कार्ड मिळाल्यावरही वर्षापेक्षा जास्त बाहेर राहायचं असेल तर पुनर्प्रवेशाचा परवाना लागतो आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत कार्ड मिळालं तर ते दोन वर्षांच्या अटीवर असतं, आणि अट काढताना दोघांचा संसार एकत्र असल्याचे पुरावे मागतात. नवरा फ्रान्समध्ये, बायको शिकागोत, अशा जोडप्याला ते जमवावे लागतात. त्यासाठी स्थलांतराचं काम करणारा वेगळा वकील गाठा. ते माझं क्षेत्र नाही, पण त्या चुका निस्तरताना मी माणसं पाहिली आहेत.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. पहिलं वर्ष तिने नोकरी सोडू नये. शिकागो आणि फ्रान्समध्ये सात तासांचा फरक आहे. तिच्या दुपारी त्याचा सामना सुरू होतो आणि तिची संध्याकाळ होईपर्यंत तो घरी येऊन जेवलेला असतो. हे निभतं. कंपनी काही आठवडे बाहेरून काम करू देत असेल तर फेब्रुवारीत जाऊन राहावं, उन्हाळ्यात नाही. फेब्रुवारीत खेळाडूचं खरं आयुष्य दिसतं. सकाळी व्यायाम, संध्याकाळी सराव, मध्ये झोप, शनिवारी आठ तास बस, शहर अनोळखी, बाहेर थंडी. बायकोला दिवसभर एकटीने काढावा लागतो. ज्या मुलींना ते सोसलं त्यांच्याकडे स्वतःचं काम होतं. ज्यांना सोसलं नाही त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आणि विमा. क्लबचा वैद्यकीय विमा करारासोबत संपतो. जून ते ऑगस्ट खेळाडू अमेरिकेत विम्याविना असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत तो उन्हाळी लीगमध्ये खेळतो, सराव करतो, पाय मुरगळतो. तिच्या नोकरीच्या विम्यात तो नवरा म्हणून आला तर या घराला त्याच्या पगाराइतकाच आधार तिच्या नोकरीचा होईल.

चाळिशीचं काय? डिग्री पूर्ण झाली आहे का, हे विचारा. बरेच खेळाडू शेवटचे काही विषय ठेवून निघतात आणि नंतर ऑनलाइन पूर्ण करतात. भाषा किती आल्या? जर्मनीत दोन वर्षं राहून त्याने जर्मन थोडीफार उचलली असेल तर ती त्याची पुढची पुंजी आहे, कारण प्रशिक्षण, खेळाडू शोधणं, एजंटचं काम हे सगळं ओळखी आणि भाषा यांवर चालतं. माइक डँटोनी १९७७ मध्ये मिलानला खेळायला गेला, तिथे १९९० पर्यंत खेळला, तिथेच प्रशिक्षक झाला आणि पुढे एनबीएत वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला. तितकं वर सगळे जात नाहीत. माझे जुने खेळाडू आज शाळांमध्ये शिकवतात, कॉलेजात सहायक प्रशिक्षक आहेत, एक जण घरबांधणीच्या धंद्यात आहे. ज्यांनी खेळत असताना दरवर्षी थोडं बाजूला टाकलं त्यांना तिशीच्या शेवटी दुसरं काम शोधायला दोन वर्षं मिळाली. ज्यांनी टाकलं नाही त्यांना जे समोर आलं ते घ्यावं लागलं. त्याच्या शिल्लकीचा प्रश्न म्हणूनच मी सुरुवातीला काढला. आकडा तुम्ही विचारू नका. मुलीने विचारावा, आणि लग्नाआधी विचारावा.

तुम्ही लिहिलंय की दिवाळीत तो व्हिडिओ कॉलवर बोलला, पण फार बोलला नाही. तारीख काढून पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याचा हंगाम भरात असतो आणि त्या दिवशी सामना असेल तर दुपारी तो झोपलेला असतो आणि नंतर कुणाशीच फारसं बोलत नाही. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच्या दहाच्या सुमारास फोन करा. तेव्हा ठाण्यात दुपारचा दीड-अडीच झालेला असेल आणि त्याच्याकडे तासभर तरी मोकळा असेल. तेव्हा त्याला पोलंडच्या वर्षाबद्दल विचारा. पहिल्या दोन लहान लीगमधून वर चढताना माणूस कसा निभावला हे त्या वर्षात कळतं.